केयूगा सरोवरावरचा ऑक्टोबर: लेक ट्राउट, डाउनरिगर आणि कललेले पाणी

पार्श्वभूमी

न्यूयॉर्क राज्याच्या मध्यावर उत्तर-दक्षिण पसरलेली अकरा लांबट सरोवरे आहेत. त्यांना फिंगर लेक्स म्हणतात. मासेमारीचे हे प्रकरण त्यांतल्या केयूगा सरोवरावर ऑक्टोबरच्या मध्यात घडले. हिमनद्यांनी कोरलेले हे सरोवर सुमारे ६१ किलोमीटर लांब आहे, पण रुंदीला कुठेच सहा किलोमीटरच्या पुढे जात नाही. सर्वांत खोल जागी १३२ मीटर पाणी आहे. लांब, अरुंद आणि खोल ही घडणच पुढच्या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी आहे.

माणसे तीन. नावे बदलली आहेत. निनाद दक्षिण टोकाच्या इथाका गावाजवळ राहतो. त्याची अठरा फुटी ॲल्युमिनियमची होडी आहे आणि तिच्या मागच्या काठावर हाताने फिरवायचे दोन डाउनरिगर आहेत. त्याचे मामा मालवणहून महिनाभरासाठी आले होते. हयात समुद्रावर काढलेले, आता होडी मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. तिसरा शेजारी डेव्ह, याच भागात लहानाचा मोठा झालेला. मामांसाठी पाहुण्यांचा थोड्या दिवसांचा परवाना काढला होता. दुसऱ्या दिवशी मीही होडीवर होतो. पहिल्या दिवसाचे जे लिहितो आहे ते निनादच्या वहीवरून आणि तिघांच्या तोंडून ऐकलेले.

ज्यांनी डाउनरिगर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा एक छोटा रहाट असतो. त्यावर पोलादी तार गुंडाळलेली असते आणि तारेच्या टोकाला आठ-दहा पौंडांचा शिशाचा गोळा. गळाची दोर गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवून गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा आणि होडी सावकाश पुढे न्यायची. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मधे वजन न येता मासा थेट दांडीवर खेळवता येतो. किती फूट तार सुटली ते रहाटावरचा आकडा सांगतो. मात्र तो आकडा तारेचा असतो, खोलीचा नाही. याकडे पुढे परत यावे लागेल.

लेक ट्राउट हा गार पाण्याचा मासा. दहा अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी त्याला सर्वांत मानवते. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी दोन थरांत विभागते. वर कोमट थर, खाली गार थर आणि मधे तापमान झपाट्याने उतरणारा पट्टा. खालचा थर किती गार असतो? कॉर्नेल विद्यापीठ २००० सालापासून याच सरोवरातून सुमारे ७६ मीटर खोलीवरचे पाणी ओढते आणि त्याच्या गारव्यावर आपल्या इमारती थंड ठेवते. ते पाणी भर जुलैतही चार-पाच अंशांचे असते. लेक ट्राउट खालच्या थरात आणि मधल्या पट्ट्याच्या काठाने वावरतो. त्याच्या मुख्य खाद्यांपैकी एक म्हणजे आलेवाइफ हा हेरिंगच्या कुळातला छोटा मासा, आणि त्याचे थवे बहुधा त्या पट्ट्याजवळच सापडतात.

अडचण

निनादच्या वहीत ऑगस्ट-सप्टेंबरच्या नोंदींत एकच आकडा वारंवार दिसतो: ९५ फूट. मासे तिथे मिळत होते, तेव्हा तो आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. मामांना घेऊन जायचे ठरले त्याआधी तीन दिवस दक्षिणेकडून जोराचा वारा वाहिला. चौथ्या दिवशी पहाटे तो पडला, ऊन निघाले आणि तिघांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या टगॅनकच्या धक्क्यावरून होडी पाण्यात सोडली.

फिशफाइंडरने, म्हणजे पाण्यातले मासे आणि तळ पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राने, वरच्या पाण्याचे तापमान साडेबारा अंश दाखवले. आठवड्यापूर्वीच्या नोंदीत ते सतरा होते. डेव्ह म्हणाला, "थंडी लागली आता." विषय तिथेच संपला.

माझ्या मते हा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. एवढा पाण्याचा साठा आठवडाभरात, तेही रात्री फारशा गार नसताना, साडेचार अंशांनी थंड होत नाही. वरचे पाणी गार झाले नव्हते. ते तिथून निघून गेले होते आणि खालचे पाणी त्याच्या जागी वर आले होते.

परातीत पाणी घेऊन एका बाजूने फुंकर घातली तर पाणी जसे पलीकडे सरकते, तसे दक्षिणेच्या वाऱ्याने कोमट थर उत्तरेकडे ढकलला होता. तिकडे तो जाड झाला, इकडे दक्षिणेला पातळ झाला आणि त्याखालचा गार थर वर चढला. पाण्याच्या पातळीत याचा फरक दिसत नाही. आतला पट्टा मात्र वीस-पंचवीस फूट सहज वर-खाली होतो, कधी त्याहूनही जास्त. वारा पडला की हे कललेले थर परत फिरतात, पण जागेवर येऊन थांबत नाहीत. उलट बाजूला कलतात, पुन्हा फिरतात, आणि हा झोका काही दिवस चालतो.

यांतले काही मनात नसल्यामुळे दोन्ही गोळे ९५ फुटांवर गेले. एका दांडीला फ्लॅशर (माशाचे लक्ष वेधणारी चकाकती पट्टी) आणि त्यामागे छोटा स्पून (चमच्यासारखे धातूचे बनावट आमिष), दुसरीला नुसता चांदीच्या रंगाचा स्पून. वेग ताशी २.२ मैल. तीन तासांत एकदाही चिमटा सुटला नाही.

समोरचे पर्याय

दुपारच्या चहाला होडीवरच बोलणे झाले. डेव्हचे म्हणणे खोली तीच ठेवावी आणि स्पूनचा रंग बदलावा. मासा लागत नसेल तर पहिली कुऱ्हाड बिचाऱ्या स्पूनवर पडते, हे मी फार वेळा पाहिले आहे. रंग बदलणे सोपे असते आणि काहीतरी केल्यासारखे वाटते.

दुसरा पर्याय फिशफाइंडरच्या पडद्यावरच होता. तळाशी तुरळक खुणा होत्या, पण ३५ ते ५० फुटांच्या मधे आलेवाइफचा दाट ढग आणि त्याच्या कडेला लांबट कमानी, म्हणजे मोठ्या माशांच्या खुणा, दिसत होत्या. निनादला त्या ढगाच्या वर-खाली गोळे लावावेत असे वाटत होते. पण ऑक्टोबरात भर दुपारी ४५ फुटांवर लेक ट्राउट, हे त्याच्या वहीला पटत नव्हते.

तिसरा, पंधरा-वीस किलोमीटर उत्तरेला जाणे. वेळ आणि पेट्रोल दोन्ही जाणार आणि परतताना अंधार. तो लगेच मोडीत निघाला. चौथा, डाउनरिगर बाजूला ठेवून तळावरच्या तुरळक माशांवर सरळ खाली जिग, म्हणजे वजनदार बनावट आमिष, सोडणे. केयूगावर तो अगदी रुळलेला प्रकार आहे आणि त्या दिवशी कदाचित चाललाही असता. पण मामांना होडीमागे गरी ओढण्याचा हा इथला प्रकार बघायचा होता, म्हणून तो मागे पडला.

पाचवा पर्याय डेव्हने संध्याकाळसाठी राखून ठेवला.

पहिल्या दिवशी काय केले

निनादच्या खोक्यात एक छोटा तापमान नोंदवणारा लॉगर पडून होता. पाण्यात सोडून वर काढला की फोनवर खोलीनुसार तापमान दाखवणारा. तो त्याने गोळ्याच्या वर तारेला बांधला, होडी थांबवली आणि गोळा सावकाश १०० फूट खाली नेऊन वर आणला. दहा मिनिटांचे काम. उत्तर स्वच्छ होते: दहा अंशांचे पाणी चाळीस फुटांवर होते आणि ९५ फुटांवर पाच अंशही नव्हते. लेक ट्राउटला पाच अंश सोसत नाही असे नाही, तो हिवाळाभर त्याच पाण्यात असतो. पण खाद्य वर गेले होते, आणि मासा खाद्यामागे जातो.

एक गोळा ४५ वर आला, दुसरा ६० वर. होडी उत्तरेला निघाली आणि अर्ध्या तासात दोन मासे आले. मग वळून दक्षिणेला तोच पट्टा धरला आणि काहीच नाही. पुन्हा उत्तरेला वळल्यावर एक लागून सुटला. पुन्हा दक्षिणेला, पुन्हा शुकशुकाट.

मामा इतका वेळ मागच्या काठाशी बसून तारेकडे बघत होते. ते म्हणाले, "ही तार बग किती मागे जाता. त्या बाजूक जाताना एवढी जाय नाय. खाली ओढ आसा."

निनाद म्हणाला, "मामा, हे सरोवर आहे. इथे भरती-ओहोटी नाही."

"भरती नसात. ओढ आसा."

मामा बरोबर होते. वारा पडल्यावर कोमट पाणी वरून दक्षिणेला परत येत होते आणि त्याला जागा करून देत खालचे गार पाणी उत्तरेला चालले होते. जीपीएस सांगतो तो वेग जमिनीच्या हिशेबाने असतो. स्पून किती वेगाने पाणी कापतो आहे हे त्याला कळत नाही. खालचा प्रवाह ताशी पाव-अर्ध्या मैलाच्या मधला धरला, तर २.२ च्या होडीमागे उत्तरेला जाताना गोळा पाण्यातून १.९ ने चालला होता आणि दक्षिणेला जाताना २.५ ने. लेक ट्राउट आळशी पाठलाग करणारा, त्याला दोनच्या आतबाहेरचा वेग आवडतो. शिवाय पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला तर तारेवरची ओढ पावणेदोन पट होते. म्हणून तार मागे झुकत होती आणि गोळा वर उचलला जात होता. म्हणजे दक्षिणेला जाताना वेग चुकत होता आणि खोलीही.

हिशेब सोपा आहे. तार सरळ आहे असे धरले तर १०० फूट तार वीस अंश झुकली की गोळा ९४ फुटांवर असतो आणि तीस अंश झुकली की ८७ वर. ६० फुटांवर हा फरक लहान, १३० फुटांवर चांगलाच मोठा.

उपाय मामांनीच सुचवला. आकडा बघू नको, दोन्हीकडे तारेचा झोक सारखा ठेव. निनादने दक्षिणेला जाताना जीपीएसचा वेग १.६ पर्यंत उतरवला, तेव्हा झोक जुळला, आणि त्याच फेरीत चिमटा सुटला.

संध्याकाळ

आता डेव्हचा पर्याय. लेक ट्राउटची वीण शरद ऋतूत होते. मोठे मासे अंधार पडता पडता दगडगोट्यांच्या तळावर येतात, नर आधी आणि माद्या मागून. हा मासा खळगा करत नाही. अंडी दगडांच्या फटींत पडतात आणि पिल्ले हिवाळा सरता सरता बाहेर येतात. फिंगर लेक्सवर या दिवसांत मासेमारीला बंदी नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न नव्हता. डेव्हला मामांच्या हाती एकदा दहा पौंडांचा मासा द्यायचा होता.

निनाद कांकू करत होता, पण पाहुणा समोर आणि उजेड अजून थोडा शिल्लक. किनाऱ्याजवळ पंधरा-वीस फूट पाण्यावर एक फेरी मारायचे ठरले. गोळे बारा फुटांवर.

माझ्या मते दिवसातला सर्वांत वाईट निर्णय हाच, आणि तोही माशांमुळे नव्हे. तिथला तळ दगडांचा आणि चढ-उताराचा आहे. दुसऱ्याच वळणावर डावीकडचा गोळा दगडात अडकला. होडी पुढे जात होती, तार ताणली गेली, मागचा कोपरा खाली ओढला गेला आणि एक लाट काठावरून आत आली. निनादने पहिल्या झटक्यात दोन बरोबर गोष्टी केल्या: इंजिन न्यूट्रलला टाकले आणि रहाटाची कळ सैल करून तार सोडून दिली. मग आल्या वाटेने हळूहळू मागे जाऊन उलट बाजूने ओढून गोळा मोकळा केला. तार कापायचे कटर होडीवर होते, पण खालच्या कप्प्यात, दोऱ्यांच्या गुंत्याखाली.

जीवरक्षक जाकिटे फक्त निनादच्या अंगावर होती. एकवीस फुटांखालच्या होडीवर ती घालणे न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे सक्तीचे असते, आणि हा ऑक्टोबर होता. पाणी साडेबारा अंशांचे होते. त्याला तारीख कळत नाही.

उजव्या दांडीला तेवढ्यात मासा लागलेलाच होता. जाळीत आली ती मोठी मादी, पोटातून अंडी गळत असलेली. मामांनी तिला पाण्याबाहेर काढूच दिले नाही. गळ पाण्यातच सोडवला. कोकणच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या शिस्तीत ते वाढलेले. "अंड्यावरचा मासो गरवूक नाय," एवढेच म्हणाले आणि दांडी गुंडाळायला घेतली. डेव्हला हे जरा लागले. त्याचे म्हणणेही अगदी बिनबुडाचे नाही: सरोवरात कित्येक वर्षे पिल्ले सोडली गेली आहेत आणि सोडून दिलेली मादी पुन्हा अंडी घालायला जाऊ शकते. पण या माशाला वयात यायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. शेजारच्या सेनेका सरोवराचा वाण तर लॅम्प्रेच्या (माशांना चिकटून रक्त शोषणारा, बाममाशासारखा दिसणारा जलचर) चाव्यातून इतरांपेक्षा जास्त तगतो म्हणून ग्रेट लेक्समध्ये हा मासा पुन्हा वसवताना मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथला लेक ट्राउट लॅम्प्रे आणि बेसुमार मासेमारी यांनी जवळजवळ संपवला होता. हे माहीत असताना मी संध्याकाळी दगडांवर जात नाही. डेव्ह जातो. आमची मैत्री आहे.

दुसरा दिवस

सकाळी निनादने गोळे थेट ४५ आणि ६० वर लावले. काल ९५ हा आकडा जसा डोक्यात बसला होता, तसा आज ४५ बसला. लॉगर तारेला बांधलेलाच होता, पण तो वाचायला गोळा वर घ्यावा लागतो आणि मासे लागतीलच या आशेवर कोणी घेतला नाही. दोन तास गेले.

पडद्यावर वरचे पाणी सोळा अंश दाखवत होते. काल साडेबारा, आज सोळा, आणि रात्र तर गारठ्याची गेली होती. यावरूनच उमगायला हवे होते की कोमट थर दक्षिणेला परत आला आहे. शेवटी गोळा वर घेतला. साठ फुटांवर पंधरा अंश! मग लॉगर पुन्हा खोल सोडला, तेव्हा दहा अंशांचे पाणी ८५ फुटांच्या आसपास सापडले. चोवीस तासांत पट्टा पंचेचाळीस फूट खाली गेला होता.

या वेळी तारेचा झोक आधी मोजला आणि ८५ साठी ९५ फूट तार सोडली. मजेची गोष्ट म्हणजे रहाटावर पुन्हा तोच उन्हाळ्यातला आकडा आला. झोक आज दोन्ही दिशांना सारखाच होता. झोका एका टोकाला पोचला की क्षणभर प्रवाह थांबतो, त्यामुळे असावे. दुपारपर्यंत पाच मासे लागले, त्यांतला सर्वांत मोठा मामांच्या दांडीला.

निष्पत्ती

दोन दिवसांत तीन-चार पौंडांचे मोजकेच मासे ठेवले, बाकी सोडले. सोडण्याच्या बाबतीत शरद ऋतूचा एक फायदा आहे. लेक ट्राउट पोटातली हवा तोंडावाटे सोडू शकतो. वर येताना बुडबुडे दिसतात ते तेच. त्यामुळे खोलीतून वर आल्याने तो सहसा मरत नाही. उन्हाळ्यात त्याला मारते ते वरचे कोमट पाणी. ऑक्टोबरात तो धोका बराच कमी असतो.

ठेवायला लहान मासे निवडले ते मुद्दाम. मोठ्या, म्हाताऱ्या लेक ट्राउटच्या चरबीत पीसीबी या कारखान्यांतल्या जुन्या रसायनासारखी दूषित द्रव्ये जास्त साठतात. मामांनी सामानातून आणलेली तिरफळे घालून त्याचे बांगड्यासारखे तिखले केले. मासा तेलकट, त्याला तिरफळ मानवले. कॅनडाहून आलेल्या भाचीने मात्र सुरमईशी तुलना करायचा प्रयत्न केला, तो मामांनी चालू दिला नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशी यश खोलीमुळे आले की वेगामुळे, यावर निनादचा आणि माझा अजून वाद आहे. पहिले दोन मासे वेग सुधारण्याआधी आले, पण योग्य वेग ज्या दिशेला आपोआप मिळत होता त्याच दिशेला आले. दोन बदल एकाच तासात झाले की श्रेय वाटता येत नाही. दुसऱ्या दिवशी वेगाला हात न लावता केवळ खोली बदलली आणि मासे लागले. यावरून मी आधी खोली आणि मग वेग असा क्रम लावतो. निनाद म्हणतो दोन दिवसांवर असा नियम बांधू नये. तेही खरे.

वादाबाहेरचे मात्र बरेच आहे. घरून निघण्याआधी मागच्या चार दिवसांचा वारा बघणे फुकट आहे. वरच्या पाण्याचे तापमान आदल्या नोंदीपेक्षा दोन-तीन अंशांनी वेगळे दिसले की पहिला गोळा माशासाठी नव्हे, मोजण्यासाठी सोडावा. लॉगर नसेल तर फिशफाइंडरची संवेदनशीलता वाढवून मधला पट्टा धूसर रेघेसारखा दिसतो का ते बघावे. तेवढ्यानेही पहिल्या दिवसाचे तीन तास आणि दुसऱ्या दिवसाचे दोन वाचले असते. आणि तारेचा झोक बघायला काहीच लागत नाही, फक्त मागे तोंड करून बसणारा एक माणूस लागतो.

उथळ दगडांवर डाउनरिगर नेण्याचे काही कारण नव्हते. तिथे जायचेच असेल तर गोळ्याशिवाय, हलक्या गळाने, जाकिटे घालून जावे. कटर आता निनादने रहाटाशेजारीच दोरीने बांधून ठेवले आहे.

वहीतही बदल झाला. खोलीच्या रकान्यापुढे त्या खोलीचे तापमान, तारेचा झोक, होडीची दिशा आणि मागच्या तीन दिवसांचा वारा असे रकाने आले. मात्र हे सारे थर टिकून आहेत तोवरच कामाचे. हिवाळा जवळ येतो तसे वरचे पाणी गार आणि जड होऊन खाली मिसळू लागते, पट्टा खोल खोल जातो आणि शेवटी वरपासून तळापर्यंत सगळे पाणी एकाच तापमानाचे होते. मग लॉगर काहीच सांगत नाही. डिसेंबरात निनाद पुन्हा गेला तेव्हा त्याने तो घरीच ठेवला होता आणि पडद्यावर फक्त आलेवाइफचे ढग शोधत होता.